चार्ल्स जॉन कॅनिंग

चार्ल्स जॉन कॅनिंग, पहिले अर्ल कॅनिंग (१४ डिसेंबर १८१२ – १७ जून १८६२) हे ब्रिटिश राजकारणी व प्रशासक होते. फेब्रुवारी १८५६ ते मार्च १८६२ या काळात ते भारताचे गव्हर्नर जनरल होते. ईस्ट इंडिया कंपनीचे राज्य संपून भारताचा कारभार ब्रिटिश राजसत्तेकडे गेला, तेव्हा १ नोव्हेंबर १८५८ रोजी ते भारताचे पहिले व्हाइसरॉय झाले. १८५७चा उठाव त्यांच्याच कारकिर्दीत झाला. युद्ध चालू असतानाच शिक्षेवर मर्यादा घालणारा ठराव त्यांनी काढला. त्यामुळे संतप्त इंग्रजांनी त्यांना ‘क्लेमन्सी कॅनिंग’ म्हणजे ‘दयाळू कॅनिंग’ असे उपहासाने म्हणण्यास सुरुवात केली. पुढे हेच नाव गौरवाने घेतले जाऊ लागले. प्रत्यक्षात ज्या कायद्यांनी हजारो लोक फासावर गेले ते कायदेही त्यांच्याच सरकारने केले होते. युद्धकाळात शिक्षा आणि माफी यांचा अधिकार कोणाच्या हाती असावा, या प्रश्नाच्या दृष्टीने त्यांची कारकीर्द महत्त्वाची मानली जाते.

बालपण आणि शिक्षण

कॅनिंग यांचा जन्म लंडनजवळील ब्रॉम्प्टन येथे झाला. त्यांचे वडील जॉर्ज कॅनिंग हे इंग्लंडचे परराष्ट्रमंत्री होते. १८२७ मध्ये ते पंतप्रधान झाले, परंतु काही महिन्यांतच त्यांचे निधन झाले. त्यानंतर चार्ल्स यांच्या आईला, जोन यांना, व्हायकाउंटेस ही पदवी देण्यात आली. चार्ल्स हे या दांपत्याचे तिसरे पुत्र होत. त्यांचे शिक्षण ईटन येथे आणि ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयात झाले. १८३३ मध्ये ग्रीक-लॅटिन या अभिजात भाषांत प्रथम व गणितात द्वितीय श्रेणी मिळवून ते पदवीधर झाले. पुढे मंत्रिपदापर्यंत पोहोचलेले लॉर्ड ग्रॅनव्हिल हे त्यांचे विद्यार्थिदशेपासूनचे मित्र होते. ही मैत्री कॅनिंग यांना १८५७ मध्ये फार उपयोगी पडली.

इंग्लंडमधील राजकीय कारकीर्द

१८३६ मध्ये वॉरिक मतदारसंघातून कॅनिंग हाउस ऑफ कॉमन्सवर निवडून आले. थोरल्या भावांचे आधीच निधन झालेले असल्यामुळे १८३७ मध्ये आईच्या मृत्यूनंतर व्हायकाउंट ही पदवी त्यांच्याकडे आली आणि ते हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये गेले. १८४१ मध्ये पील यांच्या मंत्रिमंडळात ते परराष्ट्र खात्याचे उपमंत्री झाले व १८४६च्या आरंभापर्यंत त्या पदावर राहिले. १८५३ मध्ये अ‍ॅबरडीन यांच्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे टपाल खाते आले. पामर्स्टन यांच्या काळातही ते खाते त्यांच्याकडेच राहिले. ते उत्तम वक्ते नव्हते. कागदपत्रे स्वतः वाचून, सावकाश विचार करून निर्णय घेणारे परिश्रमी प्रशासक असा त्यांचा लौकिक होता. या संथपणाबद्दल पुढे भारतातही त्यांच्यावर टीका झाली.

भारतात आगमन

लॉर्ड डलहौसी यांच्या जागी कॅनिंग यांची नेमणूक झाली. ऑगस्ट १८५५ मध्ये कंपनीने दिलेल्या निरोपाच्या भोजनप्रसंगी त्यांनी भारताच्या निरभ्र आकाशात केव्हातरी एखादा लहानसा ढग उगवून मोठा होऊ शकेल, अशा आशयाचा इशारा दिला होता. २९ फेब्रुवारी १८५६ रोजी त्यांनी कलकत्ता येथे सूत्रे हाती घेतली. त्याआधी काही आठवडेच अवधचे राज्य खालसा करण्यात आले होते.

जुलै १८५६ मध्ये दोन महत्त्वाचे कायदे संमत झाले. पहिल्या कायद्याने बंगाल लष्करात नव्याने भरती होणाऱ्या शिपायांवर गरज पडल्यास समुद्रापार जाण्याचे बंधन आले. दुसरा विधवाविवाहास मान्यता देणारा कायदा होता. त्याचा मसुदा डलहौसी यांच्या काळात तयार झाला होता. १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास येथील विद्यापीठांच्या स्थापनेचे कायदे झाले. त्यांपैकी मुंबई विद्यापीठाचा कायदा १८ जुलै १८५७ रोजी, म्हणजे ऐन उठावाच्या धामधुमीत संमत झाला.

१८५७चा उठाव

१० मे १८५७ रोजी मीरत येथे शिपायांनी उठाव केला आणि दुसऱ्या दिवशी दिल्ली त्यांच्या ताब्यात गेली. त्या वेळी भारत आणि इंग्लंड यांच्यात थेट तारायंत्राची सोय नव्हती. कलकत्त्याहून लिहिलेले पत्र लंडनला पोहोचण्यास महिन्याहून अधिक काळ लागे. त्यामुळे लष्कराच्या हालचालींप्रमाणेच शिक्षा व माफी यांविषयीचे निर्णयही गव्हर्नर जनरलला स्वतःच्या जबाबदारीवर घ्यावे लागले. कॅनिंग यांनी इराणच्या मोहिमेवरील फौज परत बोलावली. चीनकडे निघालेले सैन्यही त्यांनी भारतात वळवून घेतले.

कडक कायदे

३० मे आणि ६ जून १८५७ रोजी कॅनिंग यांच्या सरकारने दोन कायदे संमत केले. उठाव झालेल्या प्रदेशांत विशेष आयुक्त नेमून त्यांना तेथल्या तेथे खटले चालवण्याचे व देहांताची शिक्षा देण्याचे अधिकार या कायद्यांनी देण्यात आले. आयुक्ताचा निर्णय अंतिम असे. त्यावर अपील नव्हते आणि शिक्षा ताबडतोब अमलात आणता येत असे.

या कायद्यांचे परिणाम भीषण झाले. बनारस, अलाहाबाद व आसपासच्या भागात कर्नल नील यांच्या फौजेने आणि मुलकी अधिकाऱ्यांनी लोकांना मोठ्या संख्येने फाशी दिले व गावेच्या गावे जाळली. शिपाई कोण, वाटसरू कोण, लुटारू कोण आणि गावात शांतपणे राहणारा शेतकरी कोण, याची चौकशी पुष्कळदा झालीच नाही. रजेवर गावी आलेला शिपाईही केवळ शिपाई म्हणून मारला जाण्याची भीती निर्माण झाली. अशा स्थितीत, ज्या पलटणींनी उठाव केला नव्हता त्यांतील शिपायांनाही राजनिष्ठ राहण्यात लाभ दिसेनासा झाला.

कॉल्विन यांचा जाहीरनामा

माफीचा प्रश्न कॅनिंग यांच्यासमोर प्रथम मे महिन्यातच आला. वायव्य प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर जॉन कॉल्विन यांनी आग्रा येथून २५ मे १८५७ रोजी एक जाहीरनामा काढला. उठावात सामील झालेल्या ज्या शिपायांना घरी परतायचे असेल त्यांनी जवळच्या सरकारी ठाण्यात शस्त्रे द्यावीत, त्यांना कोणताही त्रास न देता जाऊ दिले जाईल, असे आश्वासन त्यात होते. पुढारी आणि खून करणारे यांना वगळण्याचा कॉल्विन यांचा हेतू होता, परंतु जाहीरनाम्याच्या शब्दांतून हा भेद पुरेसा स्पष्ट होत नव्हता. आपल्या अधिकाऱ्यांची हत्या करणाऱ्या पलटणीतील शिपाईही या सवलतीचा फायदा घेऊ शकले असते.

कॅनिंग यांनी हा जाहीरनामा अमान्य केला व त्याऐवजी दुसरा काढण्याचा आदेश दिला. ज्या पलटणींनी अधिकाऱ्यांचे किंवा इतरांचे खून केले नव्हते, त्यांतील शिपायांनाच शस्त्रे ठेवून घरी जाण्याची मुभा नव्या जाहीरनाम्यात होती. इतरांनी बिनशर्त शरण येऊन सरकारचा निर्णय स्वीकारावा, असे त्यात म्हटले होते. पुढे दयाळू म्हणून हिणवल्या गेलेल्या कॅनिंग यांचा माफीविषयीचा पहिला महत्त्वाचा निर्णय अशा रीतीने माफी आकुंचित करणारा होता. सरसकट माफीला त्यांचा विरोध होता आणि दोनच महिन्यांनी त्यांनी सरसकट शिक्षेलाही विरोध केला.

३१ जुलै १८५७चा ठराव

नील यांच्या कारवायांच्या बातम्या कलकत्त्यास पोहोचल्यानंतर ३१ जुलै १८५७ रोजी गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलने मुलकी अधिकाऱ्यांसाठी एक ठराव केला. त्यात पकडलेल्या शिपायांचे तीन वर्ग करण्यात आले होते.

पहिल्या वर्गात उठाव न केलेल्या पलटणींतील शिपाई होते. असा शिपाई निःशस्त्र सापडला, तर मुलकी अधिकाऱ्याने त्याला बंडखोर म्हणून शिक्षा करू नये, असे ठरले.

दुसऱ्या वर्गात उठाव केलेल्या, परंतु अधिकाऱ्यांची हत्या न केलेल्या पलटणींतील शिपाई होते. ते निःशस्त्र सापडल्यास त्यांचा निकाल जागच्या जागी न लावता त्यांना लष्करी अधिकाऱ्यांकडे पाठवायचे होते.

तिसऱ्या वर्गात अधिकाऱ्यांची किंवा इतर युरोपीयांची हत्या झालेल्या पलटणींतील शिपाई होते. त्यांच्यावर मुलकी अधिकाऱ्यांनी खटला चालवून शिक्षा द्यावी, असे ठरले. मात्र हत्येच्या वेळी आपण तेथे नव्हतो किंवा ती टाळण्याचा आपण प्रयत्न केला, असे एखाद्याने दाखवून दिल्यास शिक्षा अमलात आणण्यापूर्वी संपूर्ण प्रकरण सरकारला कळवणे बंधनकारक करण्यात आले.

गावे सरसकट जाळण्यालाही या ठरावाने मनाई केली. शेतकरी गाव सोडून पळाले तर पेरणी होणार नाही आणि युद्धापाठोपाठ दुष्काळ येईल, हा त्यामागचा व्यावहारिक विचार होता.

या ठरावाने कोणाही अपराध्याला सरळ माफी दिलेली नव्हती. आरोपी कोणत्या पलटणीचा, त्याच्याजवळ शस्त्र होते काय आणि हत्येत त्याचा हात होता काय, हे प्रश्न विचारल्याशिवाय फाशी देऊ नये, एवढाच त्याचा आशय होता. जून महिन्यात शेकडो अधिकाऱ्यांच्या हाती गेलेला जीवन-मरणाचा अधिकार काही अंशी सरकारने या ठरावाने परत घेतला. तथापि, ठरावाचा रोख मुलकी अधिकाऱ्यांवर होता आणि मोहिमेवरील लष्कराच्या वर्तनावर त्याचा प्रभाव मर्यादितच राहिला. दिल्ली, कानपूर व लखनौ येथे त्यानंतरही मोठ्या प्रमाणावर सूड उगवला गेला.

याच दिवशी, ३१ जुलै रोजी, कोल्हापूर येथील २७व्या पलटणीने उठाव केला. त्यात पकडल्या गेलेल्या शिपायांपैकी काहींना ऑगस्ट महिन्यात तोफेच्या तोंडी देण्यात आले. सातारा येथे कटाच्या आरोपावरून १७ जणांना सप्टेंबरमध्ये देहदंड झाला. शिक्षेची ही लाट उत्तर भारतापुरती मर्यादित नव्हती, हे यावरून दिसून येते.

टीका आणि बचाव

कानपूरच्या बिबीघरातील इंग्रज स्त्रिया व मुले यांची हत्या १५ जुलै रोजी झाली होती. त्यानंतर सोळा दिवसांनी निघालेला हा ठराव प्रसिद्ध झाला, तेव्हा कलकत्त्यातील व इंग्लंडमधील इंग्रज समाजात संतापाची लाट उसळली. ‘टाइम्स’ वृत्तपत्राने त्यावर कठोर टीका केली. ऑक्टोबर १८५७ मध्ये ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाने कॅनिंग शिपायाला गोंजारत असल्याचे व्यंगचित्र छापले. कॅनिंग यांनी मध्य गंगा खोऱ्यातील कारभारासाठी जॉन पीटर ग्रँट यांना पाठवले होते. त्यांनी नील यांनी पकडलेल्या शिपायांना सोडून दिले अशी अफवा पसरली. ती निराधार होती, परंतु तिने संतापात भर घातली.

कलकत्त्यातील युरोपीय रहिवाशांचा रोष आणखी दोन कारणांनी वाढला होता. जून १८५७ मधील वृत्तपत्रनियंत्रणाचा कायदा देशी वृत्तपत्रांइतकाच इंग्रजी वृत्तपत्रांनाही लागू होता. शस्त्रे बाळगण्याविषयीच्या कायद्यातही कॅनिंग यांनी वंशावरून भेद करण्यास नकार दिला. अखेर गव्हर्नर जनरलला परत बोलवावे अशी विनंती करणारा अर्ज या रहिवाशांनी राणीकडे पाठवला.

कॅनिंग यांनी आपले धोरण बदलले नाही. सप्टेंबर १८५७ मध्ये व्हिक्टोरिया राणीला लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपल्याच देशबांधवांच्या सूडबुद्धीविषयी तीव्र खेद व्यक्त केला. राणीने त्यांच्याशी सहमती दर्शवली. ग्रॅनव्हिल आणि पंतप्रधान पामर्स्टन यांनी नोव्हेंबरमध्ये जाहीर भाषणांतून त्यांची बाजू मांडली.

अवधचा जाहीरनामा

जानेवारी १८५८ च्या अखेरीस कॅनिंग युद्धक्षेत्राजवळ राहण्यासाठी अलाहाबादला गेले. मार्च १८५८ मध्ये लखनौ पुन्हा इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर त्यांचा अवधविषयीचा जाहीरनामा प्रसिद्ध झाला. राजनिष्ठ राहिलेल्या सहा तालुकदारांचा अपवाद वगळता अवधमधील जमिनीवरील सर्व मालकीहक्क त्याद्वारे सरकारजमा करण्यात आले. जे त्वरित शरण येतील आणि ज्यांचे हात इंग्रजांच्या हत्येने माखलेले नसतील त्यांना जीवदान व प्रतिष्ठेची हमी होती. जमीन परत मिळणे मात्र सरकारच्या मर्जीवर होते.

अवधचे मुख्य आयुक्त जेम्स आउट्रम यांना हा जाहीरनामा फार कठोर वाटला. पूर्वी खानदेशात भिल्ल पलटण उभारणाऱ्या आउट्रम यांना रोष धरून बसलेल्या लोकांना विश्वासात घेण्याचा अनुभव होता. जमीन गेल्यावर तालुकदारांना लढण्यावाचून गत्यंतर राहणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या आग्रहावरून कॅनिंग यांनी सरकारला साहाय्य करणाऱ्यांचा उदारपणे विचार करण्याचे कलम जोडले.

लंडनमध्ये यावरून मोठा राजकीय पेच निर्माण झाला. भारताच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष लॉर्ड एलेनबरो यांनी कॅनिंग यांची निर्भर्त्सना करणारा खलिता पाठवला व तो प्रसिद्धही झाला. अवध नुकतेच खालसा झालेले असल्यामुळे तेथील लोकांचा लढा सामान्य बंड नसून युद्धाच्या स्वरूपाचा आहे, म्हणून त्यांना बंडखोरांप्रमाणे वागवू नये, असा त्यांचा मुद्दा होता. माफी कोणाला द्यायची हे ठरवण्याआधी समोरचा माणूस अपराधी आहे की शत्रुपक्षाचा योद्धा आहे हे ठरवावे लागते, ही अडचण या वादाने पुढे आणली. मात्र गव्हर्नर जनरलची अशी जाहीर मानहानी ब्रिटिश संसदेला रुचली नाही आणि मे १८५८ मध्ये एलेनबरो यांना राजीनामा द्यावा लागला. अशा प्रकारे एका वर्षाच्या आत कॅनिंग यांच्यावर आधी अतिदयेचा आणि नंतर अतिकठोरपणाचा आरोप झाला.

प्रत्यक्षात जप्तीचा उपयोग नव्याने वाटाघाटी करण्यासाठी झाला. आउट्रम यांच्यानंतर आलेले रॉबर्ट मॉन्टगोमेरी यांनी शरण येणाऱ्या तालुकदारांना जमिनी परत दिल्या. ऑक्टोबर १८५९ मध्ये लखनौ येथे दरबार भरवून कॅनिंग यांनी तालुकदारांना सनदा दिल्या. या समेटाचा लाभ मुख्यतः जमीनदारांना झाला. जमीन कसणाऱ्या कुळांचे हक्क त्यात दुय्यम ठरले.

राणीचा जाहीरनामा आणि सर्वसाधारण माफी

ऑगस्ट १८५८ च्या कायद्याने कंपनीचे राज्य संपले. १ नोव्हेंबर १८५८ रोजी अलाहाबाद येथे कॅनिंग यांनी राणीचा जाहीरनामा स्वतः वाचून दाखवला. त्यात माफीच्या अटी स्पष्ट केल्या होत्या. ब्रिटिश प्रजाजनांच्या हत्येत प्रत्यक्ष भाग घेतल्याचे सिद्ध झालेल्यांना माफी नव्हती. खुन्यांना जाणूनबुजून आश्रय देणारे आणि उठावाचे पुढारी यांना केवळ जीवदानाची हमी होती. शिक्षा ठरवताना ते उठावाकडे कोणत्या परिस्थितीत ओढले गेले याचा विचार होणार होता. इतर सर्वांना, १ जानेवारी १८५९ पूर्वी घरी परतून शांततेने राहू लागल्यास, बिनशर्त माफी होती. ३१ जुलैच्या ठरावातील भेद आता राणीच्या नावाने सर्वत्र लागू झाला.

या माफीचा परिणाम संमिश्र होता. बाजीराव-मस्तानी यांचे वंशज, बांद्याचे नबाब अली बहादूर हे तात्या टोपे यांच्याबरोबर लढत होते. नोव्हेंबर १८५८ मध्ये ते शरण आले आणि निवृत्तिवेतन घेऊन इंदूर येथे राहिले. बेगम हजरत महल यांनी मात्र प्रतिजाहीरनामा काढून या आश्वासनांवर विश्वास ठेवू नका असे लोकांना बजावले व पुढे नेपाळमध्ये आश्रय घेतला. नानासाहेब पेशवेही नेपाळच्या बाजूस निघून गेले. तात्या टोपे मुदत संपल्यावरही लढत राहिले. एप्रिल १८५९ मध्ये ते विश्वासघाताने पकडले गेले. आपण स्वामींच्या आज्ञेने लढलो आणि रणांगणाबाहेर कोणाची हत्या केली नाही, असे त्यांनी लष्करी न्यायालयापुढे सांगितले. १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरी येथे त्यांना फाशी देण्यात आले.

फाशीतून सुटलेल्या अनेकांच्या वाट्याला काळे पाणी आले. कॅनिंग यांच्या सरकारने अंदमानात कैद्यांची वसाहत पुन्हा सुरू केली आणि १० मार्च १८५८ रोजी २०० कैद्यांची पहिली तुकडी तेथे पोहोचली. रोगराई, उपासमार आणि कठोर शिक्षा यांमुळे त्यांपैकी अनेक जण दगावले.

उठावानंतरचा कारभार

१८५९ मध्ये कॅनिंग यांना अर्ल ही पदवी मिळाली. संस्थानिकांना दत्तक घेण्याचा हक्क मान्य करणाऱ्या सनदा त्यांनी दिल्या. ज्या धोरणामुळे सातारा, झाशी व नागपूर ही राज्ये खालसा झाली होती, ते धोरण अशा रीतीने संपले. युद्धाच्या खर्चाने रिकाम्या झालेल्या तिजोरीसाठी १८६० मध्ये जेम्स विल्सन यांनी प्राप्तिकर लागू केला. त्याच वर्षी भारतीय दंडसंहिता संमत झाली व १ जानेवारी १८६२ पासून ती अमलात आली. १८६१ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहिता तयार झाली, तर ब्रिटिश संसदेने उच्च न्यायालये आणि कायदेमंडळे यांविषयीचे कायदे केले.

कौटुंबिक जीवन आणि मृत्यू

१८३५ मध्ये कॅनिंग यांचा विवाह शार्लट स्ट्यूअर्ट यांच्याशी झाला. त्या कुशल चित्रकार होत्या. भारतातील निसर्ग व वनस्पती यांची त्यांनी काढलेली जलरंगचित्रे प्रसिद्ध आहेत. या दांपत्याला अपत्य नव्हते. १८ नोव्हेंबर १८६१ रोजी कलकत्ता येथे हिवतापाने लेडी कॅनिंग यांचे निधन झाले. त्यांचे दफन बराकपूर येथे करण्यात आले. बंगालमधील ‘लेडीकेनी’ या मिठाईचे नाव त्यांच्यावरूनच पडले, असे मानले जाते.

अतिश्रम आणि पत्नीवियोग यांनी खचलेले कॅनिंग मार्च १८६२ मध्ये लॉर्ड एल्गिन यांच्याकडे सूत्रे सोपवून इंग्लंडला परतले. १७ जून १८६२ रोजी लंडन येथे, वयाच्या अवघ्या ४९व्या वर्षी त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबी येथे त्यांचे दफन झाले.

मूल्यमापन

कॅनिंग हे साम्राज्याचे सेवक होते आणि त्यांच्या दयेमागे ते साम्राज्य टिकवण्याचा हेतू होता. सर्वांनाच फाशीची भीती असेल तर कोणीच शस्त्र खाली ठेवणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. जूनमध्ये अमर्याद अधिकार वाटून दिल्याची जबाबदारी त्यांच्यावर येते. जुलैचा ठराव निघाला तोपर्यंत अलाहाबाद परिसरातील असंख्य निरपराध लोकांचे प्राण गेले होते. तथापि, देशबांधव सूडाची मागणी करत असताना अपराधी व निरपराध यांत भेद करण्याचा आग्रह त्यांनी धरला आणि त्यासाठी अपकीर्ती सहन केली, हेही तितकेच खरे आहे.

स्मारके

अवधच्या तालुकदारांनी कॅनिंग यांच्या स्मरणार्थ १८६४ मध्ये लखनौ येथे कॅनिंग कॉलेज सुरू केले. ज्यांच्या जमिनी १८५८ मध्ये जप्त झाल्या होत्या, त्याच वर्गाने हे स्मारक उभारले. पुढे या महाविद्यालयातूनच लखनौ विद्यापीठ आकाराला आले. पश्चिम बंगालमधील सुंदरबनच्या सीमेवरील कॅनिंग हे गावही त्यांच्या नावाने ओळखले जाते.